स्टॅगर आला की दरवेळी ‘लडखडला’च का?

अगं, तुझं इंग्रजीतून मराठीत केलेलं भाषांतर वाचलं. बाकी मस्त जमलंय, पण स्टॅगर (stagger) शब्द आला की तू लडखडणे टाकून मोकळी होतेस, वॉबलला (wobble) तेच, लर्चला (lurch) पण तेच. डिक्शनरीत मिळतं तसं, मान्य, पण डिक्शनरीवाल्याला पुढचं-मागचं वाक्य कुठे दिसतंय, ते तुला दिसतंय ना.

आधी बघायचं की हलतंय कोण आणि कशामुळे. स्टॅगर बहुतेक वेळा पायांवर चालणाऱ्याचं असतं, दारू, मार, ओझं नाहीतर थकवा, आणि तोल गेला तरी माणूस पुढे जातच असतो. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमधली बायकांची मॅरेथॉन यूट्यूबवर बघ, ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली ती तिथेच. स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस स्टेडियममध्ये आली तेव्हा उन्हाने पार गळून गेली होती, अंग एका बाजूला कललेलं, डावा हात लोंबतोय, पाय ताठ झालेला, आणि हात लावला तर ती बाद होणार म्हणून ती डॉक्टरांनाच बाजूला सारतेय. तिला घाम येतोय, म्हणजे अंग अजून स्वतःला थंड करतंय, हे बघून त्यांनीही तिला जाऊ दिलं. शेवटच्या राउंडला पाच मिनिटांच्या वर लागली, पण ३७ वी येऊन रेस पूर्ण केली बाईने. हा स्टॅगर! इथे मी भेलकांडत लिहीन, किंवा झोकांड्या खात, पण झोकांड्यांना आपल्याकडे दारूचा वास येतो म्हणून इथे भेलकांडतच बरं.

वॉबलला मात्र जागा सोडायची गरज नाही. टेबल डुगडुगतं, सायकलचं चाक वाकडं फिरतं, ते वॉबल. लंडनचा मिलेनियम ब्रिज १० जून २००० ला उघडला आणि गर्दीने आडवा डोलायला लागला, म्हणजे पूल हलतोय म्हणून लोक तोल सांभाळत पावलं टाकणार, ती पावलं पुलाच्या लयीत पडणार आणि पूल अजूनच हलणार. दोन दिवसांत बंद केला, परत सुरू व्हायला २००२ उजाडलं. लोकांनी त्याला वॉबली ब्रिज नाव पाडलं, स्टॅगरिंग कुणी नाही म्हणालं, कारण पूल कुठे चालत निघाला नव्हता.

लर्च म्हणजे एकदम बसलेला हिसका, ड्रायव्हरने गचकन ब्रेक मारल्यावर बसतो तो. (लेफ्ट इन द लर्च वेगळं हं, त्या लर्चचा या हिसक्याशी संबंध नाही, तिथे सरळ ‘ऐनवेळी वाऱ्यावर सोडलं’ लिही.)

आता तुझी खरी गडबड. पान चारवर ‘धावपटूंची लडखडती सुरुवात’ लिहिलंयस, वाचून मी हसले जरा, सॉरी. स्टॅगर्ड स्टार्ट म्हणजे ४०० मीटरला प्रत्येकाची सुरुवातीची रेघ थोडी थोडी पुढे असते ती, कारण बाहेरच्या लेनचं वळण मोठं पडतं. १.२२ मीटरच्या लेन असतील तर दुसऱ्या लेनवाला पहिल्यापेक्षा ७.०४ मीटर पुढून निघतो आणि आठव्यावाला तब्बल ५३.०३ मीटर, तेव्हा कुठे सगळ्यांना सारखंच अंतर पडतं. तर ते ‘पुढेमागे आखलेल्या रेषांवरून सुरुवात’ असं कर. मुंबईत लोकलची गर्दी कमी करायला ऑफिसच्या वेळा स्टॅगर करा म्हणतात ना, तोच हा अर्थ, सगळे एकाच वेळी नकोत.

स्टॅगरिंग अमाउंट असेल तर डोळे पांढरे करणारी रक्कम. ‘लडखडवणारी रक्कम’ काढून टाक प्लीज.

आणि तुझ्या क्लायंटच्या मेलमध्ये स्टॅगर्ड पेमेंट लिहिलंय ते बघितलंस का? म्हणजे पैसे हप्त्याहप्त्याने येणार. कामाला हात लावायच्या आधी तारखा लेखी मागून घे.