मातीत उतरण्याआधी ताण कसा द्यायचा

भावा, तालमीत येऊन तुला आठवडाच झालाय आणि पाय डोक्याला लावायची घाई लागलीय. जरा दमानं घे.

स्नायूत जाणीव टिपणारे बारीक संवेदक असतात. स्नायू किती लांबला, किती वेगानं लांबला, हे ते मेंदूला कळवत राहतात. डोळे मिटूनही गुडघा किती वाकलाय ते समजतं, ते मुख्यतः त्यांच्यामुळंच. एकेरी पट काढताना, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडताना, स्वतःच्या पायाकडं बघायला सवड नसते, तिथं हीच जाणीव कामाला येते. म्हणून ताण देताना नुसतं ओढू नकोस, सांधा कुठं आहे तिकडं लक्ष ठेव.

सध्या एवढंच सांभाळ:

- मेहनतीआधी हलता ताण: पायाचे झोके, हलक्या बैठका, खांदे फिरवणं.
- धरून ठेवायचा ताण शेवटी, वीस-तीस सेकंद. कुस्तीआधी एकच स्नायू मिनिटभराहून जास्त ओढून धरला, तर त्याचा जोर काही वेळ कमी पडतो.
- हिसके नकोत. झटका बसला की स्नायू उलट आवळतो. नव्या पोरांची मांडी इथंच धरते.

संध्याकाळी रंकाळ्यावर गेलास की कठड्याला हात लावून एका पायावर उभा राहा. हात सोड, मग डोळे मीट. घोटा क्षणाक्षणाला कसा सावरतो, बोटं जमीन कशी धरतात, ते अनुभव. दहा सेकंद जमलं तरी छान.

आधी कधी घोटा मुरगळला असेल तर मला सांग, त्या पायाची मेहनत आपण वेगळी घेऊ.