मेंदूचं स्कॅनिंग, रिॲक्शन टाइम आणि बँकेची परीक्षा

प्रश्न : मी जळगावला एम.एस्सी. संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव रावेर तालुक्यात, घरी केळीची शेती. प्रोजेक्टसाठी स्ट्रूप चाचणीचा (शब्द आणि शाईचा रंग यांची चाचणी) मोफत मिळणारा एफएमआरआय, म्हणजे मेंदूतल्या रक्तप्रवाहाच्या स्कॅनचा, डेटा घेतलाय. त्यात प्रत्येक उत्तराला लागलेला वेळ वेगळा आहे. हा वेळ, म्हणजे रिॲक्शन टाइम, रिग्रेशनमध्ये (मेंदूचा प्रतिसाद कशाकशावर ठरतो ते मांडणाऱ्या मॉडेलमध्ये) घ्यायचा का? यात करिअर आहे का? पप्पा म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे.

उत्तर : घ्यायचाच. 'लाल' हा शब्द निळ्या शाईत छापला की शाईचा रंग सांगताना माणूस अडखळतो, वेळ जास्त लागतो. असा एकेक शब्द दाखवणं म्हणजे एक ट्रायल. तू सगळ्या ट्रायलचा कालावधी सारखा धरलास, तर अवघड ट्रायलमध्ये मेंदूचा एखादा भाग जास्त सक्रिय दिसेल. पण त्याने जोर जास्त लावला की तो नुसता जास्त वेळ चालू होता? शेतातली मोटार तासभर जास्त चालली तर पाणी जास्त येणारच. त्यावरून तिचा हॉर्सपॉवर वाढला असं पप्पा म्हणणार नाहीत. इथे मात्र भलेभले फसतात, कारण रक्तप्रवाहाचा प्रतिसाद संथ असतो, पाच-सहा सेकंदांनी शिखरावर पोचतो. अर्ध्या सेकंदाचा फरक त्यात रुंदीऐवजी उंचीचा फरक होऊन दिसतो.

म्हणून मॉडेलमध्ये सोप्या आणि अवघड ट्रायलसाठी ठरावीक कालावधीचा एकेक कॉलम ठेव. शिवाय सगळ्या ट्रायल मिळून एक कॉलम असा कर, की त्यात प्रत्येक ट्रायलचा कालावधी म्हणजे तिचाच रिॲक्शन टाइम. चुकलेली उत्तरं वेगळ्या कॉलमात. मग मॉडेल या कॉलमासह आणि त्याच्याशिवाय असं दोन्ही चालव आणि निकाल शेजारी-शेजारी मांड. वेळेचा भाग काढल्यावर फरक नाहीसा झाला तर घाबरू नकोस, तोही निकालच आहे. तोंडी परीक्षेत यावर बोलता आलं, तर मला वाटतं निम्मं काम झालं.

पप्पांची काळजी रास्त आहे. केळीच्या भावावर घर चालवणाऱ्याला दरमहा पगाराची किंमत कळते. त्यांना सांग, सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेच्या गणितीय विज्ञानाच्या पेपरात संख्याशास्त्र येतं, आणि त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात. बंगळुरूचं निम्हान्स, मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र इथे असं संशोधन चालतं. पीएच.डी. नको असेल तर औषध-चाचण्यांच्या कंपन्यांना बायोस्टॅटिस्टिशियन, म्हणजे चाचण्यांची आकडेवारी तपासणारे संख्याशास्त्रज्ञ, लागतात. बँकेचा फॉर्मही भर, फक्त अभ्यास प्रोजेक्ट जमा केल्यावर.

डेटा घरच्या नेटवर उतरवू नकोस, फाइली फार मोठ्या असतात. विभागाच्या लॅबमध्ये बस आणि आधी दोन-तीन जणांच्याच स्कॅनवर मॉडेल चालवून बघ.