फ्रँकफुर्टमधलं गटेचं घर खरं मानायचं का?

प्रश्न: मुलगी फ्रँकफुर्टला असते, तिच्याकडे गेलो तेव्हा गटेचं घर बघितलं. शाळेत संस्कृतच्या बाईंनी सांगितलं होतं की हा कवी शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचला, तेव्हापासून मनात होतं. घर फार आवडलं, पण रात्री मुलीने गुगल केलं तर कळलं मूळ घर युद्धात पडलं आणि हे नंतर बांधलंय. इतका हिरमोड झाला. मग आम्ही बघितलं ते काय, सिनेमाचा सेट?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, सेट अजिबात नाही. का ते सांगते, पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

1749 मध्ये गटे जन्मला तेव्हा तिथे एक घर नव्हतंच, दोन जुनी घरं आतून जोडलेली होती आणि जमिनी वरखाली असल्यामुळे एका खोलीतून दुसरीत जाताना मधेच पायऱ्या लागायच्या. आजी वारल्यावर 1755 मध्ये वडिलांनी दोन्हीचं मिळून एक घर करायला घेतलं. आता तिथला नियम असा की नवीन घर बांधलंत तर फक्त पहिला मजला रस्त्याच्या बाजूला पुढे काढायचा, त्याच्यावरचे सरळ न्यायचे. वडिलांना दुसऱ्या मजल्यावरची पुढे आलेली जागा सोडायची नव्हती, मग काय केलं, वरचं सगळं टेकू देऊन धरून ठेवलं आणि खालून एकेक भाग काढून त्या जागी नवीन घालत वर गेले, म्हणजे हिशोबाला ती नुसती दुरुस्ती! बरं, हे चालू असताना सगळे राहत तिथेच होते, छप्पर उघडल्यावर पाऊस अंथरुणापर्यंत यायला लागला तेव्हा कुठे मुलांना ओळखीच्यांकडे पाठवलं. हे सगळं गटेने आत्मचरित्रात लिहिलंय, आणि शेवटी जुन्यातलं काही उरलं नाही असंही त्यानेच म्हटलंय. म्हणजे ज्याला आपण मूळ घर म्हणतो तेसुद्धा परत बांधलेलंच.

ते पडलं 22 मार्च 1944 ला, बॉम्बहल्ल्यात. गटे गेला तो दिवसही 22 मार्चच, साल 1832. पण घर सांभाळणाऱ्या संस्थेचे संचालक एर्न्स्ट बॉयट्लर यांनी फर्निचर, चित्रं, पुस्तकं आधीच सुरक्षित जागी हलवली होती आणि घराची मापं, नकाशे, फोटोही हाताशी होते. त्यावरून 1947 मध्ये काम सुरू झालं, 1951 च्या मे महिन्यात घर उघडलं. तेव्हा जोरदार वादही झाला. वाल्टर डिर्क्स नावाच्या पत्रकाराने लिहिलं की हे घर काही आपोआप पडलेलं नाही, आपल्या देशाने जे केलं त्याचा हा परिणाम आहे, तो मान्य करा आणि घराला निरोप द्यायची हिंमत दाखवा. शहर बेचिराख, लोकांना डोक्यावर छप्पर नाही, अशा वेळी हे लिहिलंय आणि मला ते वाचून गप्पच व्हायला होतं. तरी मी बॉयट्लर यांच्या बाजूने आहे, कारण त्यांनी अंदाजाने काही उभं केलं नाही, माप होतं तसं बांधलं. मापं नसताना नुसतं जुनं दिसावं म्हणून बांधलं असतं तर तुमचा सेट हा शब्द मी लगेच मान्य केला असता.

तेव्हा भिंती 1951 च्या, खोल्यांची रचना वडिलांची, आणि वाचवलेल्या वस्तू अस्सल जुन्या, असं धरून चाला. परत जाल तेव्हा आत शिरायच्या आधी रस्त्यावरून वर बघा, पहिला मजला पुढे आलाय आणि दुसरा त्याच्याही पुढे. वडिलांनी नियमाला बगल देऊन राखलेली जागा ती हीच, आणि नंतर बांधणाऱ्यांनीही ती तशीच ठेवली.