चिप ‘हो’ म्हणाली, पण कुणाला?

प्रश्न : मी तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होतो. एलायझाच्या (अँटिबॉडीनं प्रथिन पकडून रंगावरून ओळखायच्या चाचणीच्या) प्लेट धुण्यात निम्मं आयुष्य गेलं. आता वाचतो की नॅनो सेन्सर विषाणूचं प्रथिन थेट विजेच्या प्रवाहावरून ओळखतो, तेही फेम्टोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या दशलक्षाव्या भागात. रंग नाही, एन्झाइम नाही, धुणं नाही. मग मॅडम, हे दवाखान्यात दिसत का नाही? की सगळं कागदावरच?

उत्तर : कागदावरच नाही. अशा चिप मी स्वतः नऊ वर्षं बनवल्या आहेत. पण तुम्हाला शंका आली ती बरोबर जागी आली, कारण धुणं कशासाठी असतं हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याकडे येतेच.

ही चिप म्हणजे मुळात एक ट्रान्झिस्टर. त्यात प्रवाह एका अरुंद वाटेनं वाहतो आणि त्या वाटेवर ताबा असतो गेटचा, म्हणजे वरून व्होल्टेज देणाऱ्या टोकाचा. 1970 साली नेदरलँड्समध्ये पीट बर्गव्हेल्ड यांनी गेटचा धातूच काढून टाकला आणि त्या जागी द्रावण आणून ठेवलं. द्रावणातले आयन गेटचं काम करू लागले. पुढे नॅनोची भर पडली ती वाट बारीक करण्यात. जाड तारेवर एखादं विद्युतभारित प्रथिन येऊन बसलं तर आतल्या इलेक्ट्रॉनांना त्याचा पत्ताही लागत नाही. तार 10-20 नॅनोमीटर जाडीची असेल तर ‘आत’ असं फारसं उरतच नाही, जवळजवळ सगळाच पृष्ठभाग. हार्वर्डमधल्या चार्ल्स लीबर यांच्या गटानं 2001 मध्ये सिलिकॉनच्या नॅनोतारेवर प्रथिन पकडून दाखवलं. 2004 मध्ये तर त्यांनी एन्फ्लुएन्झाचा एकेक विषाणू तारेवर बसताना-उठताना प्रवाहात पायऱ्या पडतात हे दाखवलं. त्या पायऱ्यांचा आलेख पाहूनच मी या कामात पडले.

ग्राफीनचा, म्हणजे कार्बनचा, थर तर एका अणूच्या जाडीचा. 2020 मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी त्यावर कोरोनाच्या स्पाइक प्रथिनाची अँटिबॉडी बसवली. बफरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या स्वच्छ द्रावणात, मिलिलिटरला 1 फेम्टोग्रॅमपर्यंत ओळख पटली. स्वॅब ठेवतात त्या द्रावणात मात्र 100 फेम्टोग्रॅमपर्यंतच. नुसतं द्रावण बदललं आणि शंभर पटींचा फरक. बातम्यांमध्ये पहिला आकडा येतो. मला दुसरा जास्त बोलका वाटतो.

पहिला शत्रू मीठ. प्रथिनाचा भार तारेला जाणवायचा, पण खाऱ्या पाण्यात त्या भाराभोवती उलट भाराचे आयन गोळा होतात आणि त्याला झाकून टाकतात. रक्ताइतक्या खारट द्रावणात एक नॅनोमीटरच्याही आत, साधारण 0.7-0.8 नॅनोमीटरवर, हा भार झाकला जायला लागतो. आणि अँटिबॉडी केवढी? दहा नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे तिनं नेमकं प्रथिन पकडलं तरी ते तारेपासून इतकं उंच असतं की तारेला ते दिसतच नाही. मिठाचं प्रमाण शंभर पट कमी केलं तर हे अंतर दहा पट वाढतं, म्हणून आम्ही सगळे द्रावण पातळ करत सुटलो. पण मग पेशंटचा नमुनाही पातळ होतो, आणि अँटिबॉडीची पकडही पूर्वीसारखी राहत नाही.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो : पकडणाराच बुटका घ्यायचा. 2009 मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गटानं इंडियम ऑक्साइडच्या नॅनोतारांवर अँटिबॉडीऐवजी फायब्रोनेक्टिनपासून घडवलेलं छोटंसं प्रथिन बसवलं आणि सार्सच्या विषाणूचं एन प्रथिन पकडलं. अँटिबॉडीचं वजन दीड लाख डाल्टन (रेणूचं वजन मोजायचं एकक), याचं तिच्या दहाव्या भागाहूनही कमी. एन प्रथिनाची निवडही हुशारीची होती. ते विषाणूच्या आरएनएला गुंडाळून धरतं. आरएनए ऋणभारित, म्हणून हे धनभारित. भार ठळक, म्हणून तारेला जाणवायला सोपं. शिवाय द्रावणात गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन, म्हणजे विषाणूशी संबंध नसलेलं प्रथिन, मुद्दाम भरपूर मिसळून चाचणी केली होती. पेपर हातात आला की मी आधी हेच शोधते : अल्ब्युमिन टाकलं होतं का?

ही सवय मला ठेचेतून लागली. सुरुवातीच्या काळात माझी कार्बन नॅनोट्यूबची चिप विषाणूच्या प्रथिनाला झकास प्रतिसाद देत होती. थेंब टाकला की प्रवाह घसरायचा, जास्त प्रथिन टाकलं की जास्त घसरायचा. तीन महिन्यांची रीडिंग घेऊन मी सरांकडे गेले. त्यांनी एवढंच विचारलं, “अल्ब्युमिन टाकून पाहिलंस?” टाकलं. तशीच घसरण. मग अँटिबॉडी न लावलेल्या कोऱ्या चिपवर टाकलं. तरीही तीच. नॅनोट्यूबचा काही दोष नव्हता. द्रावणाला व्होल्टेज द्यायला मी प्लॅटिनमची साधी तार बुडवली होती, आणि प्रथिनं त्या तारेला चिकटत होती! तारेचं विभव (व्होल्टेज) सरकायचं आणि चिप ते इमानदारीत नोंदवायची. चांदी-सिल्व्हर क्लोराइडचा नीट रेफरन्स इलेक्ट्रोड, म्हणजे ज्याचं विभव स्थिर राहतं असा, लावल्यावर माझा सुंदर आलेख सपाट झाला. (तो जुना आलेख अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.)

आता तुमचं धुणं. एलायझात तुम्ही धुता तेव्हा न चिकटलेलं आणि कसंबसं चिकटलेलं सगळं वाहून जातं. जे उरतं त्यावर एन्झाइम रंग चढवतं. तुमच्या प्लेटला प्रश्न विचारायच्या आधी गर्दी बाहेर काढलेली असते. आमची चिप भर गर्दीत कान लावून बसते. रक्तद्रवात मिलिलिटरला 60 ते 80 मिलिग्रॅम प्रथिनं असतात. त्यात शोधायचं प्रथिन 70 पिकोग्रॅम (एक पिकोग्रॅम म्हणजे हजार फेम्टोग्रॅम) असेल तर हे प्रमाण एकाला शंभर कोटी होतं. ‘धुणं नाही’ ही म्हणूनच जाहिरातीची ओळ आहे. चांगल्या प्रयोगात आम्हीही धुतो, आणि धुतल्यावर सिग्नल टिकला तरच तो मोजतो.

बाकीच्या अडचणी कंटाळवाण्या आहेत, पण खोळंबा त्यांच्यामुळेच होतो. एकाच वेफरवरच्या (चिप बनवायच्या चकतीवरच्या) दोन नॅनोतारा जुळ्या नसतात, त्यामुळे प्रत्येकीचं कॅलिब्रेशन वेगळं. द्रावणात ठेवलं की प्रवाह आपोआप हळूहळू सरकत राहतो. शिवाय फेम्टोग्रॅमचा हिशेब करून पाहा : मिलिलिटरला 1 फेम्टोग्रॅम म्हणजे स्पाइकचे जेमतेम काही हजार रेणू, आणि चिपवर टाकतो तो थेंब काही मायक्रोलिटरचा. ढवळलं नाही तर अशा रेणूला एक मिलिमीटर सरकायला दोन-तीन तास लागू शकतात. तो तारेपाशी पोचणार कधी? म्हणून कुणी ‘दोन मिनिटांत, फेम्टोग्रॅममध्ये’ असं म्हटलं की मी तरी आधी थेंबातले रेणू मोजते.

प्रश्न : मी अकरावीत आहे. दोन रेघांच्या रॅपिड टेस्टमध्येही सोन्याचे नॅनोकण असतात ना? मग तोही नॅनो सेन्सरच झाला की!

उत्तर : नॅनो हो, इलेक्ट्रॉनिक नाही. तिथे अँटिबॉडी चिकटवलेले, काही दहा नॅनोमीटरचे सोन्याचे कण पट्टीवरून वाहत जातात आणि रेघेवर अडकतात. एवढं बारीक सोनं लाल दिसतं, म्हणून रेघ लालसर. मोजणारं यंत्र म्हणजे तुझे डोळे. डोळ्यांना रेघ दिसायला खूप कण जमावे लागतात, म्हणून प्रथिन कमी असेल तर टेस्ट चुकते. पण तिच्यात एक गोष्ट फार छान आहे : ती दुसरी, कंट्रोलची रेघ. ती उमटली नाही तर टेस्टच बाद. माझ्या प्लॅटिनमच्या तारेच्या वेळी अशी एक रेघ असती तर!

प्रश्न : मोबाइलला चिप लावून खोलीतल्या हवेतला विषाणू लगेच कळेल का?

उत्तर : चिपला थेंब लागतो. आधी भरपूर हवा ओढून तिच्यातले कण थोड्याशा द्रावणात उतरवावे लागतील, आणि तो पंप चिपपेक्षा कितीतरी मोठा असेल. मोबाइल प्रवाह मोजू शकेल, ते सोपं आहे.