सूत्र बरोबर, मग मूळ दुप्पट कसे?

प्रश्न : क्ष² − २००क्ष + १ = ० हे वर्गसमीकरण मी सूत्राने सोडवले, तेव्हा १०० ± √९९९९ अशी मुळे आली. √९९९९ ची किंमत दोन दशांश स्थळांपर्यंत ९९.९९ घेतल्यावर उत्तरे १९९.९९ आणि ०.०१ मिळाली. कॅल्क्युलेटरवर मात्र लहान मूळ ०.००५ दिसते. सूत्र चुकले की आकडेमोड?

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत. √९९९९ म्हणजे ९९.९९४९९९८…, तेव्हा आपण घेतलेली आसन्न किंमत नियमाला धरूनच आहे. त्यात सुटलेले सुमारे ०.००५ मोठ्या मुळात जाणवतही नाही. लहान मूळ मात्र मुळातच तेवढे असल्यामुळे दुप्पट होऊन बसते. जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी केली की सुरुवातीचे जुळणारे अंक नाहीसे होतात आणि हाती उरतात ते शेवटचे, ज्यांवर भरवसा सर्वांत कमी. पडताळा घेऊनही दोष कोठे आहे ते कळत नाही, कारण दोन्ही किमतींना डावी बाजू −०.९९९९ अशीच येते. (गंमत म्हणजे, सूत्रात मुळात वर्गमुळाखाली येणारी संख्या म्हणजे विवेचक, येथे ३९९९६; त्याचेच वर्गमूळ १९९.९९ घेऊन शेवटी २ ने भागले असते, तर ०.००५ हे उत्तर योगायोगाने मिळाले असते आणि ही शंकाच आली नसती.)

अधिक दशांश स्थळे घेणे हा एक उपाय झाला. परंतु मुळांचा गुणाकार हाताशी असताना तेवढे कष्ट कशाला? अक्ष² + बक्ष + क = ० या समीकरणात तो क/अ असतो, म्हणजे येथे १. म्हणून मोठे मूळ १९९.९९ तसेच ठेवून १ ला त्याने भागावे, त्याच ९९.९९ वरून आता ०.००५०००३ मिळते, आणि खरी किंमत ०.००५०००१ च्या आसपास आहे. ब ऋण असेल तर सूत्रातील अधिक चिन्हाने, धन असेल तर वजा चिन्हाने, असे आधी एकच मूळ काढावे व दुसरे भागाकाराने मिळवावे. संगणकही संख्या ठरावीक अंकांपर्यंतच साठवतो, त्यामुळे प्रोग्राम लिहितानाही हीच रीत सुरक्षित ठरते.

४अक च्या मानाने ब² फार मोठा असेल तेव्हाच याची गरज पडते. याउलट ब² आणि ४अक जवळजवळ समान असतील, तर अंकांची गळती विवेचकातच होते. तेथे गुणाकाराची युक्ती उपयोगी पडत नाही, विवेचकच अधिक अंकांपर्यंत काढावा लागतो.