हॅमस्टर दुकानात मिळतो, मग धोक्यात कसा?

प्रश्न : पोरीच्या शाळेचा प्रोजेक्ट आहे. त्यात युरोपातला रानटी हॅमस्टर ‘अतिसंकटग्रस्त’ आणि तिथलीच माळावरची गुलाबी अळंबी, पिंक वॅक्सकॅप, ती नुसती ‘असुरक्षित’ असं आलंय. पण हॅमस्टर तर राजारामपुरीत पेट शॉपमध्ये पण दिसतोय की. उलटं छापलंय का? – एक आई, उचगाव

उत्तर : नाही ताई, बरोबर छापलंय. दुकानातला हॅमस्टर वेगळ्या जातीचा, पिंजऱ्यातच वाढवलेला. युरोपातला रानटी म्हणजे अंगानं दांडगा, काळ्या पोटाचा, आपल्या घुशीसारखा शेतात बिळं करून राहणारा. आणि आययूसीएन ही निसर्ग जपणारी जागतिक संस्था, तिच्या रेड लिस्टमध्ये (कुठल्या जातीला किती धोका, त्याची यादी) नुसती डोकी मोजत नाहीत, किती वेगानं कमी होतंय ते पण बघतात. ढोबळ हिशोब असा की 10 वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, जे जास्त असेल त्यात, 80 टक्के घटलं तर अतिसंकटग्रस्त आणि 30 टक्के घटलं तर असुरक्षित. हा हॅमस्टर आधी ‘चिंता नाही’ गटात होता, 2020 मध्ये एकदम ‘अतिसंकटग्रस्त’च्या पायरीवर गेला, कारण पूर्वी मादीला वर्षाला 20 च्या वर पिल्लं व्हायची ती आता 5-6 वर आलीत.

का, तर एक कारण लई विचित्र आहे. फ्रान्सच्या अल्सासमध्ये जिकडं बघाल तिकडं मका (आपल्याकडं ऊस तसा), आणि प्रयोगात नुसत्या मक्यावर ठेवलेल्या माद्या चक्क स्वतःचीच पिल्लं खायला लागल्या. मक्यातनं बी3 व्हिटॅमिन मिळत नव्हतं, ते दिल्यावर थांबल्या.

अळंबीचं गणित वेगळं. वर दिसते ती छत्री म्हणजे नुसतं फळ, खरी बुरशी मातीत धाग्यांच्या जाळ्यात, ती मोजणार कशी? मग तिचा जुना, न नांगरलेला, खत न पडलेला चराऊ माळ किती उरला त्यावरनं अंदाज बांधतात, आणि तीन पिढ्या म्हणजे इथं काही दशकं धरतात. म्हणून ‘नुसती’ असुरक्षित म्हणू नका, ती पण धोक्याच्याच यादीत आहे. शिवाय बुरश्यांकडं लक्षच उशिरा गेलंय, रेड लिस्टमध्ये त्यांचा आकडा 1,000 च्या वर गेला तो 2025 मध्ये.

प्रोजेक्टमध्ये जागा उरली तर या दोघांच्या मधल्या पायरीवर, ‘संकटग्रस्त’मध्ये, आपल्या सिंहगडावरचा कोंडाणा उंदीर लावा. चित्र मिळायला मात्र जरा त्रास होईल.