वेल्डिंगला देण्यापूर्वी: स्वस्तातल्या रेसिंग कॉकपिटच्या सांगाड्याबद्दल

तुम्ही लिहिले आहे की रेसिंगच्या व्हिडिओ गेमसाठीचे लॉजिटेक जी२९चे स्टिअरिंग टेबलाला अडकवून खेळताना ब्रेक जोरात दाबला की ऑफिसची खुर्ची मागे सरकते आणि पेडलांचा संच फरशीवरून पुढे जातो. म्हणून दहा हजारांच्या आत, घराजवळच्या वेल्डिंगच्या दुकानातून आसन, स्टिअरिंग आणि पेडल एकत्र धरणारा लोखंडी सांगाडा करून घेण्याचा तुमचा विचार आहे. मापे इंटरनेटवरच्या एका आराखड्यातून घेतली आहेत आणि दुकानदार सगळी रक्कम आगाऊ मागतो आहे. हे वाचून राहवले नाही, कारण काही वर्षांपूर्वी मी अगदी याच टप्प्यावर होतो आणि पुढे जे सोसले ते तुमच्या वाट्याला येऊ नये असे मनापासून वाटते. कोणते स्टिअरिंग घ्यावे, ते कसे जोडावे, खेळात कोणत्या सेटिंग्ज ठेवाव्यात यात मी शिरत नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे असे तुमच्या प्रश्नावरूनच दिसते. मी अभियंता नाही. खालचे आकडे साध्या सूत्रांनी स्वतः काढलेले आहेत, त्यामुळे शंका असेल तिथे जाणकाराला जरूर विचारावे.

माझे म्हणणे एकच आहे: बजेट कितीही कमी असो, त्यातला मोठा वाटा ब्रेकच्या खाली घाला. बहुतेक जण स्टिअरिंगचा स्टँड भक्कम करण्याच्या मागे लागतात, कारण तो डोळ्यांसमोर असतो. प्रत्यक्षात जी२९ची मोटर साधारण २ न्यूटन-मीटरचा पीळ देते, म्हणजे स्टिअरिंगच्या कडेवर हाताला जाणवणारा जोर जेमतेम दीड किलोच्या आसपास असतो. ब्रेकवर मात्र आपण सहज त्याच्या कितीतरी पट जोर देतो, आणि पुढे कधी लोडसेलचे, म्हणजे अंतराऐवजी दाब मोजणारे पेडल घेतलेत तर ३० ते ४० किलोचा दाब ही नेहमीची गोष्ट होते. शिवाय पाय पेडलला जितक्या जोराने पुढे ढकलतो तितक्याच जोराने पाठ आसनाला मागे ढकलते. तुमची खुर्ची सरकते ती यामुळे. चाके काढून टाकल्याने किंवा खाली रबर घातल्याने हा प्रश्न पुरता सुटत नाही. आसन आणि पेडल यांना जोडणारे दोन सरळ, अखंड पाइप जमिनीलगत असले की हे दोन्ही जोर सांगाड्यातच एकमेकांना भिडतात आणि फरशीला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता ज्या दुकानाने माझे सर्वांत जास्त नुकसान केले त्याबद्दल. नाव घेत नाही, कारण उद्देश तो नाही. मी कागदावर आकृती काढून दिली होती. ४० मिमीचा चौकोनी एमएस (साध्या पोलादाचा) पाइप, १४ गेज, म्हणजे २ मिमी जाडी, आणि पेडलांचा संच जिच्यावर बसतो ती प्लेट पुढेमागे करता यावी म्हणून बोल्टसाठी भोकांच्या रांगा, हे सगळे त्यात लिहिलेले होते आणि ते समोरासमोर मान्यही झाले होते. हातात पडला तो सांगाडा एक इंची पाइपचा होता. वर काळा रंग चोपडलेला, पाइपांच्या टोकांना प्लास्टिकच्या टोप्या, आणि पेडलची प्लेट कायमची वेल्ड केलेली. भोके पाडायला वेळ जातो म्हणून त्यांनी ती गाळूनच टाकली होती. घरी एक टोपी उपसून कडेला व्हर्नियर (जाडी मोजायचे साधन) लावला तर पाइपची जाडी १.२ मिमी निघाली, म्हणजे १८ गेज. परत गेलो तेव्हा उत्तर मिळाले की दुकानात तोच पाइप शिल्लक होता आणि खेळण्याच्या वस्तूला एवढी ताकद कशाला लागते. रक्कम आधीच पूर्ण दिलेली होती आणि पावती मागितली तेव्हा टोलवाटोलवी झाली होती, त्यामुळे माझ्या हातात काहीच उरले नाही.

त्या सांगाड्यावर बसून ब्रेक दाबला की प्लेटची पुढची कड खाली झुके आणि पाय सोडला की वर येई. प्लेटच्या शेजारी भिंतीवर पेन्सिलने रेघ मारून मी ते पाहिले होते. कड रेघेपासून बोटभर खाली जात असे. हे वाचताना किरकोळ वाटेल, पण वळणाआधी ब्रेक नेमका किती दाबायचा हे पायाला सवयीने कळावे लागते. जी२९चे ब्रेक पेडल किती अंतर हलले ते मोजते, तर पायाला जाणवते ते पेडलचे हलणे अधिक प्लेटचे झुकणे. हे झुकणे पाय कुठे टेकला आहे आणि जोर कोणत्या कोनातून येतो आहे यावर प्रत्येक वेळी बदलते. मग एका फेरीत टायर लॉक होतात, म्हणजे फिरायचे थांबून घसरतात, दुसऱ्या फेरीत गाडी वळणाच्या बाहेर जाते, आणि माणूस आपल्याच कौशल्याला दोष देत बसतो. तिरके टेकू लावून पाहिले, पण इतक्या पातळ पाइपवर साध्या आर्क वेल्डिंगने काम करताना भोके पडतात, आणि माझ्याकडे तसेच झाले. शेवटी सगळा सांगाडा भंगारात घालून दुसरा करावा लागला आणि पहिल्याचे पैसे पाण्यात गेले.

म्हणून पाइपबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण इथे माहिती असेल तर कुणी फसवू शकत नाही. २५ मिमी, म्हणजे एक इंची, चौकोनी पाइप २ मिमी जाडीचा घेतला तर २० फुटांची लांबी सुमारे पावणेनऊ किलो भरते, तोच १.२ मिमीचा असेल तर साडेपाच किलोच्या आसपास. गेज डोळ्यांनी ओळखता येत नाही, पण वजनकाटा खोटे बोलत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ताठपणा जाडीपेक्षा पाइपच्या बाहेरच्या मापावर कितीतरी जास्त अवलंबून असतो. ४० मिमीचा १.२ मिमी जाड पाइप आणि २५ मिमीचा २ मिमी जाड पाइप यांचे वजन जवळजवळ सारखे, म्हणजे पैसेही जवळजवळ सारखेच, पण वाकण्याला पहिला दुसऱ्याच्या पावणेतीन पटींहून जास्त विरोध करतो. तरीही १.२ मिमी घेऊ नका, कारण तो वेल्डिंगला नाजूक. ४० मिमी आणि १.६ मिमी, म्हणजे १६ गेज, हा माझ्या मते आपल्या कामासाठी सर्वांत शहाणपणाचा मध्य आहे; २० फुटांची लांबी पावणेबारा किलोच्या आसपास भरते. दीड इंची म्हणून मिळणारा पाइप ३८ मिमीचा असतो, तोही चालेल. जाड पाइपच्या मागे लागून एक इंचीवर समाधान मानणे हा मला सर्वांत वाईट सौदा वाटतो.

इंटरनेटवरच्या मापांवर मात्र मुळीच विसंबू नका. ती मापे कुणा दुसऱ्याच्या उंचीला, दुसऱ्याच आसनाला आणि त्या आसनातला फोम किती दबतो याला धरून काढलेली असतात. त्याऐवजी जे आसन वापरणार आहात ते विटांवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, पेडलांचा संच भिंतीला टेकवा, आसनामागे जड कपाट किंवा पलंग येईल अशी जागा निवडा आणि काही संध्याकाळी तसेच खेळा. भिंत हलत नाही, त्यामुळे ताठ पेडल म्हणजे काय हे फुकटात कळते. ब्रेक पूर्ण दाबलेला असतानाही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय सरळ झाला तर जोरच लागत नाही आणि मांडी भरून येते. पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर सहज टेकले पाहिजे. हे जमले की टाचेपासून आसन आणि पाठ जिथे मिळतात त्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर, आसनाची उंची आणि स्टिअरिंगच्या मध्याची उंची ही तीन मापे टेपने घ्या. आराखडा या तीन मापांभोवती काढायचा.

वेल्डिंग फक्त खालच्या आयताकृती चौकटीला आणि आसनाच्या आडव्या पाइपांना करून घ्या. पेडलची प्लेट आणि स्टिअरिंगचे उभे खांब बोल्टवर ठेवा, आणि बाजूच्या पाइपांवर २५ मिमी अंतराने भोकांची रांग पाडून घ्या. घरात दुसरे कुणी खेळणार असेल, आसन बदलणार असेल किंवा पेडल बदलणार असेल तर हीच भोके पैसे वाचवतात. पेडलच्या प्लेटखाली दोन आडवे पाइप हवेत, एक टाचेखाली आणि एक पुढच्या कडेखाली, कारण पाय प्लेटपासून वीतभर उंचीवर ढकलतो आणि सगळा संच पुढे कलंडायला बघतो. संचाच्या पुढच्या बाजूला, म्हणजे जिकडे पाय ढकलतो तिकडे, एक आडवी पट्टी उभी करा आणि संच तिला टेकवूनच बोल्ट लावा, म्हणजे ढकलण्याचा सगळा जोर बोल्टांवर न येता पट्टीवर जातो. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) वापरा; साधे नट कंपनाने सैल होतात.

वेल्डिंग सुरू असताना स्वतः तिथे थांबा. आधी सगळीकडे फक्त टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे तात्पुरते ठिपके, मारून घ्यायला सांगा आणि मग चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. दोन्ही सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे. फरक असेल तर या अवस्थेत हातोडीच्या दोन ठोक्यांत ती सरळ होते. एका बाजूचे पूर्ण वेल्डिंग आधी उरकले तर धातू थंड होताना ओढला जातो आणि चौकट पिळते, मग चारही पाय जमिनीला कधीच एकदम टेकत नाहीत. रंगाआधी रेड ऑक्साइडचा (गंज रोखणाऱ्या प्रायमरचा) हात मारून घ्या. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर हे टाळूच नका.

आसनासाठी मारुती ८०० किंवा तशाच जुन्या गाडीची पुढची सीट भंगारबाजारात पाहा. घेताना तिच्या खालचे सरकते रूळ सोबत येतील याची खात्री करा, कारण तेच नंतर पुढेमागे करायला उपयोगी पडतात. अलीकडच्या गाड्यांच्या काही सीटमध्ये बाजूची एअरबॅग शिवलेली असते आणि तिच्या वायरचा कनेक्टर बहुधा पिवळा असतो. अशी सीट स्वस्त मिळाली तरी घेऊ नका आणि ती उघडून पाहण्याच्या फंदात तर पडूच नका.

पीव्हीसी पाइपच्या कॉकपिटबद्दल कुणीतरी सुचवेलच. माझे मत स्पष्ट आहे, की ब्रेकसाठी तो पुरत नाही. जोडांमध्ये तो पिळतोच. प्लायवूडबद्दल मात्र मला आदर आहे. १८ मिमीचे चांगले प्लाय उभ्या पाट्यांच्या रूपात वापरले आणि कोपऱ्यांत लोखंडी अँगल लावले, तर सुताराकडून केलेला सांगाडा एक इंची लोखंडापेक्षा नक्कीच ताठ होतो, आणि जी२९साठी तो पुरेसा आहे. वेल्डिंगवाला मनासारखा मिळाला नाही तर हा मार्ग खुशाल घ्या.

पुढे कधी घरीच लोडसेलचा ब्रेक करणार असाल तर एक गोष्ट आताच टिपून ठेवा, कारण यात अनेक जण अडकतात. लोडसेलचा सिग्नल आकड्यांत बदलणारे एचएक्स७११ हे छोटे बोर्ड बहुधा सेकंदाला १० वेळा मोजण्यावर बेतलेले येतात. त्यामुळे ब्रेक उशिरा लागल्यासारखा वाटतो आणि लोक कारण नसताना पेडल बदलतात. त्याच चिपची रेट नावाची पिन वरच्या व्होल्टेजला जोडली की ती सेकंदाला ८० वेळा मोजते. सोबत अर्डुइनो लिओनार्डो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड घेतला आणि त्यात जॉयस्टिकचा प्रोग्राम घातला तर संगणक त्याला थेट जॉयस्टिक म्हणून ओळखतो. सोल्डरिंगची सवय नसेल तर हे काम एखाद्या सवयीच्या माणसाकडूनच करून घ्या.

राहता राहिला आगाऊ रकमेचा प्रश्न. पूर्ण रक्कम कोणत्याही परिस्थितीत देऊ नका. उत्तम म्हणजे पाइप तुम्ही स्वतः स्टीलच्या दुकानातून वजनावर, बिलासह घ्या, तिथेच तुमच्या मापांना कापून घ्या आणि वेल्डिंगवाल्याला फक्त मजुरी ठरवून द्या. थोडी धावपळ होते, पण गेजवरून वाद घालायला जागाच उरत नाही. तो स्वतःचाच माल वापरण्याचा हट्ट धरत असेल तर पाइपचे माप, गेज, भोकांची रांग आणि ठरलेली रक्कम आकृतीवरच लिहून त्याची सही घ्या, काही रक्कम सुरुवातीला, काही टॅक मारून कर्ण तपासल्यावर आणि उरलेली रंगाआधी वजन करून द्या. सही द्यायलाच नकार मिळाला तर दुसरे दुकान शोधा, मग ते चार किलोमीटर लांब असले तरी चालेल. इतके करूनही फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पण हातात कागद असला तरच तिथे बोलता येते, हे मी स्वतः अनुभवले आहे.

आराखडा काढून झाला की त्याचा फोटो इथे टाका, आणि जमल्यास टॅक मारलेल्या अवस्थेतला पेडलच्या बाजूचा एक फोटोही टाका. मी नक्की पाहीन. पूर्ण वेल्डिंग झाल्यावर सुचवण्यासारखे फारसे काही उरत नाही.